१७ नंबरची पिशवी

परवा दुपारी शर्टाचे बटण लावण्यासाठी शिवणाचा डबा उघडला, तर रिळांच्या खाली वीतभर लांबीची एक पिशवी सापडली. जांभळ्या खणाच्या उरलेल्या तुकड्यातून शिवलेली, तोंडाला नाडी आणि पोटावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला १७ हा आकडा. हुंगून पाहिली, तंबाखूचा वास अजून गेलेला नाही.

जानेवारीत आमच्या गावातल्या लहानशा चित्रसंग्रहालयात गाण्याची बैठक झाली, आणि आत फोन न्यायला मनाई होती. ही कल्पना आमच्या एका प्राध्यापक मित्राची. अमेरिकेतल्या योंडर नावाच्या कंपनीने २०१४ पासून चुंबकाच्या कुलपाच्या पिशव्या काढल्या आहेत, फोन त्यात घालून मालकाच्याच हाती राहतो पण दाराशी आणून उघडून घेतल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि बॉब डिलनसारखा गायकही अनेकदा अशा पिशव्यांवाचून श्रोत्यांना आत घेत नाही, हे त्याने आम्हाला तीनदा सांगितले. आमच्याकडे कुलपांचे पैसे नव्हते, पण वहिनी होत्या. त्यांनी चार रात्री मशीन चालवून ६० पिशव्या शिवल्या आणि तितकेच पुठ्ठ्याचे बिल्ले कापले. देवळाबाहेर चपला ठेवतात तशी व्यवस्था. डॉक्टरांनी कुरकुर केली, तेव्हा संग्रहालयाच्या टेलिफोनचा नंबर त्यांच्या दवाखान्यात लिहून ठेवला.

पिशव्यांपेक्षा अवघड होते ते संग्रहालय सांभाळणाऱ्या मॅडमना राजी करणे. कागदावरच्या चित्रांना ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश चालत नाही, तेव्हा मोठे दिवे नाहीत. समई नाही, उदबत्ती नाही, चहा नाही, पाण्याने निथळणारे हार नाहीत. आणि माणसे साठच, कारण माणसांच्या श्वासातला ओलावा चित्रांना बाधतो. समईवाचून बैठक सुरू कशी करायची, यावर आमच्या मंडळात एक अख्खी संध्याकाळ गेली. पुढे आवाजाचा प्रश्न निघाला. दगडी भिंती, शहाबादी फरशी, वर उंच छत. टाळी वाजवून पाहिली तर ती कितीतरी वेळ दालनातच रेंगाळत राहिली. अशा जागी द्रुत लयीतली तान म्हणजे नुसता चिखल. तबलजींनी दालनात एक फेरी मारली आणि घराघरांतल्या गोधड्या आणून अंथरायला सांगितल्या. माणसे बसली की आणखी फरक पडेल, असेही ते म्हणाले, आणि तसेच झाले. श्रोते गाणे ऐकतात एवढेच मला माहीत होते. ते गाणे शोषूनही घेतात, हे त्या दिवशी कळले.

चित्रांच्या घरात गाणे ही काही आमची अक्कल नव्हे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १० ऑक्टोबर १९३९ रोजी मायरा हेस या पियानोवादक बाईंनी दुपारच्या मैफली सुरू केल्या. बॉम्बच्या भीतीने चित्रे आधीच बाहेरगावी हलवली होती. उघड्या भिंतींमध्ये, एका शिलिंगाच्या तिकिटावर, १९४६ च्या एप्रिलपर्यंत १,६९८ मैफली झाल्या. भिंती रिकाम्या आणि माणसे दाटीवाटीने बसलेली, हे दृश्य मला फार आवडते. आमच्याकडे भिंती भरलेल्या होत्या, आणि भीती होती ती फक्त कुणाच्या तरी रिंगटोनची.

मी कॅमेऱ्याचा शत्रू नाही. ज्या खानदेशात केकी मूस यांच्यासारखे छायाचित्रकार होऊन गेले, तिथे राहून तसे होताही येणार नाही. चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या घरात त्यांनी स्वतःला वर्षानुवर्षे कोंडून घेतले आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, खरी वाटावीत अशी निसर्गदृश्ये कॅमेऱ्यातून घडवली. १९८९ मध्ये ते गेले. पंजाब मेलने येणार असलेल्या कुणाची तरी ते रोज वाट पाहत, अशी गोष्ट चाळीसगावात कुणीही सांगेल. खरीखोटी कोण जाणे. एका छायाचित्रासाठी इतके थांबणाऱ्या माणसाच्या प्रांतात, आलापाच्या पहिल्याच मिनिटाला साठ हात वर जावेत आणि मागच्या माणसाला गायिका पुढच्याच्या पडद्यातून पाहावी लागावी, याचा मला राग येतो, इतकेच.

फोन सांभाळायचे काम माझ्याकडे आले. दालनाच्या दाराबाहेर टेबल, टेबलावर पिशव्यांची दुरडी आणि तिच्यापाशी मी. एका बाईंनी दोन फोन दिले आणि तिसरा साहेबांचा आहे म्हणून पर्समध्येच ठेवू पाहिला. एका गृहस्थांचा हात पिशवीची नाडी ओढल्यावरही तीनदा शर्टाच्या खिशाकडे जाऊन आला. चष्मा कपाळावर चढवून नाकावर शोधणाऱ्याचा जातो, तसा. शेवटी धोतर-टोपीतले आप्पा आले. त्यांच्याकडे फोन नव्हताच. मी त्यांना आत जा म्हणालो, तर ते जागचे हलेनात.

“समदासले थैली दिधी, माले काब्र नही?”

“आप्पा, तुमच्याकडे ठेवायला काही नाही ना?”

त्यांनी कनवटीची चंची आणि चुन्याची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. मी १७ नंबरची पिशवी भरली, बिल्ला दिला, आणि ते रुबाबात आत गेले.

आत तानपुरे लागले आणि बाहेर दुरडी घुमू लागली. आवाज बंद केलेले फोन एकमेकांना टेकून थरथरत होते, मोहोळाला डिवचल्यासारखे. मी माझा मफलर दुरडीवर टाकला. साडेसहाला कुणाच्या तरी पिशवीतून दिवेलागणीचा गजर झाला, तो कोणत्या पिशवीतून येतो हे कळेपर्यंत मी अकरा नाड्या सोडल्या होत्या. आत मारवा चालला होता, असे नंतर सांगितले गेले.

मैफल बाहेरून ऐकण्याची मला जुनी सवय आहे. लहानपणी गणेशोत्सवात गाणे व्हायचे, तेव्हा काका त्यांचा टेपरेकॉर्डर स्टेजच्या पायरीपाशी रुमालाखाली दडवून ठेवत, आणि लाल बटणावर लक्ष ठेवायला मला बसवत. गायकाचे मला फक्त पाय दिसायचे. ९० मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला ४५. एका वर्षी भैरवीतली ठुमरी रंगात आली, गायक समेकडे वळले आणि खट् आवाज करून कॅसेट संपली. मी उलटवायला धडपडलो, पण दुसरी बाजू आधीच भरलेली होती. ती टेप आमच्या घरात वर्षानुवर्षे वाजली, आणि घरातले सगळेजण ती भैरवी त्या ‘खट्’पर्यंतच गुणगुणायला शिकले. आईसुद्धा भाजी चिरताना तिथेच थांबायची. पुढचे मी त्या रात्री प्रत्यक्ष ऐकले असणारच, पण मी बटणाशी झटत होतो.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी आठच्या सुमाराला गाणाऱ्या बाईंनी तीच ठुमरी धरली. मी दुरडी सोडून उठलो, दार बोटभर ढकलले आणि फटीला कान लावला. ती जागा जवळ येत होती. मी श्वास धरला. तेवढ्यात दार आतून उघडले आणि आप्पा बाहेर आले.

“मनी डबी दे रे भाऊ.”

“आप्पा, पाचच मिनिटं थांबा.”

“तलफ थांबस का?”

बिल्ला दाखवा म्हणालो, तर तो सापडेना. त्यांनी टोपी काढून पाहिली, दोन्ही खिसे उलटे केले. मी मफलर काढला, पिशव्या चाचपल्या, १७ नंबरची तळाशी निघाली, नाडीला गाठ बसली होती, ती दाताने सोडवली. आतून टाळ्या आल्या तेव्हा आप्पा पायरीवर बसून तळहातावर चुना मळत होते.

बिल्ला त्यांनी अजून दिलेला नाही. पुढच्या वेळी आणतो म्हणाले आहेत.