वहीतली कोंबडीवाली

दिवाळी अंकाच्या कथा आमच्याकडे जूनपासून यायला लागतात आणि ऑगस्ट उजाडला की छपाईची घाई सुरू होते. तेवढ्यात एखाद्या लेखकाला समोर बसवून कथा नव्याने बांधायला दिवस मिळणं कठीणच. या कथेसाठी मी तो काढला, कारण अठरा पानांतली एक ओळ डोक्यातून जाईना.

कथा एसटीच्या कंडक्टरची. काळ तिकिटाचं मशीन येण्याआधीचा: ट्रेमधली छापील तिकिटं, पंचाची टिकटिक, पाटणकडच्या डोंगरातली मुक्कामी गाडी. लेखक तिशीतले शिक्षक, वडील स्वतः कंडक्टर. वाचून झाल्यावर मी नेहमीची परीक्षा घेतली. हस्तलिखित मिटलं, चहा घेतला आणि नायकाबद्दल आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पहिल्या पानावर २३० शब्द खर्चून तो प्रामाणिक, मनमिळाऊ, कष्टाळू असल्याचं सांगितलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. आठवलं ते अकराव्या पानावरचं एक वाक्य: सुटे न घेता उतरून गेलेल्या प्रवाशांची बाकी तो रात्री मुक्कामाच्या गावी वहीत टिपून ठेवायचा.

लेखक आले तेव्हा आधी प्रसंगांच्या चिठ्ठ्या केल्या. एका प्रसंगाला एक चिठ्ठी, एकाच ओळीची. १७ झाल्या. त्या टेबलावर मांडून दर दोन चिठ्ठ्यांमध्ये पेन्सिलीने एक शब्द लिहायचा, ‘नंतर’ किंवा ‘त्यामुळे’. १६ जागांपैकी १२ ठिकाणी ‘नंतर’ आलं. मुलीचं लग्न, नंतर गाडी दरीच्या कडेला, नंतर चोरीचा आळ, शेवटी हृदयविकाराचा झटका. घटना भरपूर, पण एकीतून दुसरी निघत नव्हती. अशा कथेतली दोन पानं गळाली तरी वाचकाचं काही अडत नाही.

मी वहीबद्दल विचारलं. “मॅडम, ते असंच घातलं. अण्णांची सवय होती,” म्हणत त्यांनी पिशवीतून ती वहीच काढली.

तळहाताएवढी, पुठ्ठा तेलकट. प्रवाशांची नावं कंडक्टरला कुठून ठाऊक असणार? म्हणून ओळखीच्या खुणा. ‘निळा पटका, दीड रुपया.’ ‘शाळेची पोर, चप्पल तुटकी, ४ आणे.’ ‘कोंबडीवाली, ७५ पैसे, बाजारादिवशी देणे.’ बाकी फेडली की आडवी रेघ. मी दोन पानं मोठ्याने वाचली. त्या वहीत मनमिळाऊ माणूस एकही नव्हता आणि तरी सगळे डोळ्यांसमोर उभे राहिले. एसटीच्या गर्दीतून नेमकं हेच माणूस ओळखता येईल अशी एक खूण सापडली की पात्र उभं राहतं. शिवाय कोंबडीवाली जेवढी कळते, तेवढाच तिला टिपून ठेवणाराही कळतो. २३० शब्द तिथेच कापले आणि कथा या वहीपासून सुरू करायची ठरली.

पण नुसत्या सवयीची कथा होत नाही, ती सवय महागात पडावी लागते. इथे एसटीचा नियम कामी आला. ड्युटीवर निघताना कंडक्टरने जवळची स्वतःची रक्कम वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायची असते. वाटेत तपासणी झाली तर तिकिटांचे पैसे अधिक ती रक्कम, एवढेच निघायला हवेत. जास्त निघाले तर पैसे घेऊन तिकीट दिलं नाही असा संशय येतो. आम्ही आकडे मांडले: तिकिटं १,४१२ रुपयांची, स्वतःचे २०, जवळ निघाले १,४६९. म्हणजे ३७ रुपये जास्त. ही लोकांची राहिलेली बाकी, भेटेल त्याला द्यायला सोबत बाळगलेली. स्वतःची म्हणून त्याने ती वेबिलावर लिहिली नाही, कारण ती त्याची नव्हतीच. आता संकट बाहेरून आणायची गरज उरली नाही. लग्न गेलं, दरी गेली, १७ चिठ्ठ्यांच्या ९ झाल्या.

पहिल्या खर्ड्यातला तपासनीस लाचखाऊ होता. त्याला सरळ माणूस करायला सांगितलं. त्याचं गणित बरोबर आहे, नियमाप्रमाणे तो केस करणारच. संवाद नावं झाकून वाचले तर ड्रायव्हर, तपासनीस, कंडक्टर तिघंही एकसारखे पुस्तकी बोलत होते. तोडगा लेखकांनीच काढला. अण्णा गाडीत “पुढे चला” एवढंच म्हणत आणि घरी “आरं, तिचं पंच्याहत्तर पैसं ऱ्हायलं की!” एकाच माणसाच्या दोन बोली, ड्युटीची आणि घरची. फार मोलाची गोष्ट होती ती.

अडलो ते पुढे. वही दाखवली तर तिकिटाचे पैसे खाल्ल्याचा आळ टळतो, पण आधीच्या दिवसांचे जास्तीचे पैसे डेपोत न भरल्याचं त्याच्याच अक्षरात सिद्ध होतं. “अण्णांनी नियम मोडला असं होईल, मॅडम,” म्हणून ते गप्प झाले. तासभर तिथेच गेला. अशा वेळी रेटून उपयोग नसतो. लेखक पुन्हा सत्काराचं भाषण लिहायला लागतो. मी सुचवलं, वडिलांनी कधीच केली नाही अशी एक गोष्ट या माणसाकडून करून घ्या. त्यांनी त्याच्या हातात विडी दिली. अण्णा आयुष्यात विडीला शिवले नव्हते. त्यानंतर त्यांचं पेन भराभर चालायला लागलं.

संध्याकाळी त्यांनी शेवट सुचवला: तपासनीस वही चाळतो आणि त्यात त्याची स्वतःचीच जुनी बाकी निघते. ऐकायला गोड, पण मी नाही म्हटलं. योगायोगाने माणूस अडकला तर वाचक मानून घेतो. योगायोगाने सुटला की आधीच्या आठ चिठ्ठ्या फुकट जातात.

छापलेल्या कथेत कंडक्टर स्वतःहून वही पुढे करतो. तपासनीस दोन पानं वाचतो, वही परत देतो, ३७ रुपये मोजून जमा करतो आणि रिपोर्ट लिहितो. कंडक्टर सही करतो. मग घरची बोली पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ड्युटीवर येते: “सायेब, ह्यातलं पंच्याहत्तर पैसं बाजारादिवशी लागतील.”