हीथक्लिफवर फिदा होण्याआधी इझाबेलाला वाचा

"मीच हीथक्लिफ आहे" हे कॅथरीनचं वाक्य इन्स्टावर कुणी ना कुणी टाकतच असतं, मागे धुकं, माळरान, आणि खाली कमेंट्स की प्रेम असावं तर असं. एमिली ब्रॉन्टेचं 'वदरिंग हाइट्स' (१८४७) माझं अतिशय लाडकं पुस्तक आहे, पण अशा पोस्ट वाचल्या की मला राग येतो, कारण या प्रेमाची किंमत जिने मोजली त्या इझाबेलाचं नावही कुणी काढत नाही.

इझाबेला ही कॅथरीनची नणंद, म्हणजे हीथक्लिफला सोडून कॅथरीनने ज्याच्याशी लग्न केलं त्या एडगरची बहीण, अठरा वर्षांची, लाडात वाढलेली. हीथक्लिफवर तिचा जीव जडतो तेव्हा कॅथरीन तिला तोंडावर सांगते की हा लांडगा आहे, चिमणीचं अंडं फोडावं तसा तुला चिरडेल, आणि इझाबेलाला वाटतं ही जळतेय माझ्यावर. पळून जायच्या रात्री तो तिच्या डोळ्यांदेखत तिच्या लाडक्या कुत्रीला, फॅनीला, रुमालाने हुकावर टांगतो (घरकाम बघणारी नेली वेळेवर पोचते म्हणून कुत्री वाचते), तरी ही त्याच्याबरोबर जाते. माझ्याशी तो वेगळा वागेल, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं. आजही किती मुली हेच बोलतात!

मग तिचं नेलीला पत्र येतं, त्यात ती विचारते की हा माणूस आहे का, असेल तर वेडा आहे का, आणि नसेल तर सैतान आहे का. भाऊ एडगर मात्र साधी चिठ्ठीही पाठवत नाही, तिनेच आम्हाला तोडलं म्हणतो. तूच निवडलास ना, आता निस्तर, हे आपल्याकडच्या घरांतही ऐकू येतंच की.

मला सगळ्यात जास्त हादरवतो तो पुढचा प्रसंग. हीथक्लिफ बायकोसमोरच नेलीला सांगतो की हिने मला रोमँटिक कथेतला हिरो समजून घर सोडलं, आणि मी कायद्याच्या चौकटीतच राहतो, वेगळं व्हायला हिला कारणच मिळू देत नाही. म्हणजे राग अनावर होतो वगैरे काही नाही, सगळं मोजूनमापून चाललंय. जोडीदाराला असं सतत मुठीत ठेवणं हा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने गुन्हा झाला, आपल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही मानसिक आणि आर्थिक छळ येतो, पण एमिलीने तो माणूस केव्हाच ओळखला होता.

शेवटी इझाबेला पळते. बर्फातून, पातळ रेशमी कपड्यांत, कानाखाली त्याने फेकलेल्या सुरीची जखम. जुन्या घरी येऊन बोटातली अंगठी जमिनीवर आपटते, ठोकते, निखाऱ्यांत टाकते, आणि फॅनीला घेऊन गाडीत बसते, ती कुत्री आनंदाने भुंकत असते. पुढे लंडनच्या बाजूला राहून ती एकटीने मुलगा वाढवते. मला या पुस्तकात सगळ्यात धीराची हीच वाटते.

१९३९च्या गाजलेल्या हॉलिवूडपटात पुढची पिढीच कापून टाकली, त्यामुळे हीथक्लिफने या मुलाला आणि कॅथरीनच्या मुलीला कसं वापरलं, जबरदस्तीने त्यांचं लग्न कसं लावलं, हे काहीच दिसत नाही, उरते फक्त ताटातूट. म्हणून पुस्तकच वाचा, आणि तेरावं, चौदावं, सतरावं प्रकरण तर अजिबात चाळून पुढे जाऊ नका.