त्याच हातांनी जेवता कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर जेवणाच्या आसपास हा विषय मी आपणहून काढत नाही. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लग्नाची पंगत असो, हळदीकुंकू असो, नाहीतर सांगली-मिरज बस, कुणीतरी विचारतंच: "दिवसभर लोकांच्या संडासाच्या डब्या हाताळता, मग दुपारी त्याच हातांनी जेवता कशा?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी किळस असते आणि बरीचशी उत्सुकता.

तर, निवांत जेवते. भाकरी, वांगं, वर शेंगदाण्याची चटणी, सगळं हातानंच. माझ्या टेबलावर घाण नेमकी कुठं आहे ते मला माहीत असतं. तिच्यावर नाव, वय, नंबर लिहिलेला असतो, झाकण घट्ट असतं. हातात मोजे असतात, आणि मोजे उतरवले की हात धुवायचेच, कारण मोज्याला न दिसणारं भोक असू शकतं आणि उतरवताना त्याची बाहेरची बाजू मनगटाला घासते. बेसिनचा नळ कोपरानं बंद होतो. एवढं सगळं केल्यावर भाकरी मोडायला काय हरकत आहे?

मला धास्ती वाटते ती काउंटरच्या पलीकडच्या हातांची. डबी घेऊन येणारा माणूस एकदा बघाच. कॅरीबॅगला तीन गाठी मारलेल्या. तोंड दुसरीकडं, हात लांब, आत साप असल्यासारखी ती पिशवी तो पुढं सरकवतो. मग खिशातनं नोटा काढतो, अंगठा जिभेला लावतो आणि मोजायला लागतो. सकाळी डबीचं झाकण त्याच अंगठ्यानं फिरवलेलं असतं. त्या ओल्या नोटा आमच्या गल्ल्यात येतात, तिथनं सुट्टे म्हणून पुढच्याच्या हातात, आणि तो बाहेर जाऊन भडंगाची पुडी सोडतो.

"पण आम्ही डाव्या हातानं धुतो आणि उजव्यानं जेवतो," असं यावर हमखास ऐकायला मिळतं. ठीक आहे, जरा क्रमानं बघू. संडासातल्या पाण्याच्या मगाचा कान कुठल्या हातानं धरला? उजव्या. तो कान घरातल्या प्रत्येकानं धरलेला असतो. नाडी बांधायला दोन्ही हात. कडी काढली, बहुतेक उजव्यानंच. बाहेर आल्यावर बेसिनचा नळ सोडला तो न धुतलेल्या हातानं, आणि धुवून झाल्यावर त्याच नळाची तीच मूठ पुन्हा धरली. सगळं केलेलं तिथं पाण्यात जातं. म्हणून हाताला साबण लावला की तोच फेस नळाच्या मुठीलाही लावायचा, आणि बंद करायच्या आधी ओंजळभर पाणी मुठीवर घालायचं. जुन्या घरात ही अडचणच नव्हती, कुणीतरी तांब्या कलता करून हातावर पाणी घालायचं. चुलीची राख हाताला चोळायचे तेही फार चुकीचं नव्हतं. राख क्षारयुक्त असते आणि घासायलाही बरी. मातीचं मात्र मी समर्थन करणार नाही, कारण मोठ्या जंतांची अंडी मातीतच वाढतात.

आता काचेवर काय दिसतं ते. नमुन्याचा कण, त्यावर आयोडीनचा थेंब, वर पातळ काच. अमिबाची सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेला अमिबा, असेल तर गोल, पिवळसर दिसते, आत चारपर्यंत केंद्रकं. तिचा आकार मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. अशा शंभर सिस्ट नखाखाली बसल्या तरी हात तुम्हाला स्वच्छच दिसणार. "हाताला काही लागलंच नव्हतं" या वाक्यावर माझा विश्वास नसतो तो यामुळे.

लहान मुलांचे सुतासारखे बारीक जंत तर नमुन्यात बहुतेक वेळा सापडतच नाहीत. मादी रात्री गुदद्वाराशी येऊन कातडीवर अंडी घालते. खाज सुटते, पोर झोपेत खाजवतं, अंडी नखात जातात आणि सकाळी बोट तोंडात. म्हणून आम्ही आईला सांगतो, पोर उठल्याउठल्या, धुवायच्या आधी, तिथं सेलोटेप टेकवा आणि काचेवर चिकटवून आणा. भिंगाखाली अंडं दिसतं, एक बाजू सपाट, एक फुगीर. रिपोर्ट हातात पडला की आई म्हणते, "गूळ लई खातंय ओ, म्हणून झाले." गुळात जंत नसतात हो बाई! नखं कापा, हात धुवा, चादरी गरम पाण्यात टाका. डॉक्टर गोळी बऱ्याचदा घरातल्या सगळ्यांना देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देतात, ती दुसरी गोळी मात्र बरेच जण विसरतात.

आमच्याकडं आचारीही येतात. खाद्य परवान्याच्या नियमानुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. त्यातला एखादा नमुन्याचं नाव काढताच चिडतो: "मला काय झालंय? ठणठणीत आहे मी." अशा वेळी मला मेरी मॅलन आठवते. न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करणारी बाई. ती जिथं जाई तिथं टायफॉइड निघे, तिला स्वतःला मात्र काहीच होत नव्हतं. 1907 मध्ये नमुना मागायला आलेल्या माणसाच्या अंगावर ती मांस धरायचा मोठा काटा घेऊन धावली होती. तिला एका बेटावर ठेवलं, 1910 मध्ये परत स्वयंपाक करायचा नाही या अटीवर सोडलं, आणि 1915 मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली. पुढं 1938 मध्ये मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. तिच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं, कारण तसे वाहक आणखीही होते आणि ते मोकळे फिरत होते. पण टायफॉइडचे जंतू धडधाकट माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहू शकतात आणि शौचावाटे बाहेर पडतात, हे खरं. तिथनं ताटापर्यंत ते येतात हातावरून.

पाणी नसतं, ही सबब निम्मी खरी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, तेव्हा सांगलीत गुडघ्याला पाणी लागत होतं आणि घरातला नळ कोरडा होता. जत-आटपाडीकडं तर टँकरची सवयच. पण हात धुवायला वाहता नळ लागतच नाही. हात ओले करायचे, पाणी थांबवायचं, मग साबण. साबणाच्या कणाचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणजे जंतू मेलाच पाहिजे असं नाही, सुटून वाहून गेला तरी काम झालं. तो सुटतो चोळण्यानं. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, नेमकं हेच राहून जातं. बेचा पाढा सावकाश दोनदा म्हटला की वीस सेकंद होतात. शेवटी तांब्याभर पाणी पुरतं. पुसायला पदर नको, आणि बेसिनजवळचा तो आठवडाभर ओला राहिलेला घरगुती नॅपकिन तर नकोच. ओल्या हातावरनं जंतू जास्त सहज पसरतात, म्हणून कोरडं करणं धुण्याइतकंच मोलाचं.

नुसतं लघवीला गेलं तरी धुवायचे का, असं पुरुष मंडळी विचारतात, आणि तेही आवाज खाली आणून. हो. लघवीला घाबरून नव्हे. त्या मगाला, कडीला आणि फ्लशच्या बटणाला तुमच्या आधी कोण लागलं होतं ते तुम्हाला माहीत नाही.

सॅनिटायझर चालेल का? एस.टी.त काहीच नसेल तर चालेल. पण जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर त्याचा परिणाम कमी होतो, अमिबाच्या सिस्टवर आणि जंतांच्या अंड्यांवर भरवसा ठेवण्यासारखा होतच नाही. स्टँडवर नळ असेल तर आधी नळ. साबण तिथं नसणारच, म्हणून मी पर्समध्ये कागदी साबणाची छोटी डबी ठेवते, जनरल स्टोअरमध्ये मिळते. कागद तेवढा हात भिजवायच्या आधी काढून ठेवा, ओल्या बोटांनी डबी उघडली की सगळे कागद एकमेकांना चिकटतात.