ती रडलीच नाही

गेल्या वर्षी एका सकाळी मी दाढी करत होतो आणि फोन वाजला. रेझर बेसिनच्या कडेवर ठेवून बाहेरच्या खोलीत गेलो. बोललो किती, तर "नंतर करतो" एवढंच. परत आलो तर धाकटी पायऱ्यांच्या स्टुलावर चढलेली आणि बेसिनमध्ये लाल थेंब. हात पाण्याखाली धरून ती अंगठ्याकडे टक लावून बघत होती. रडत नव्हती. तेव्हा ती अडीच वर्षांची होती.

ती रडली नाही, याचाच मी नंतर सगळ्यात जास्त विचार केला. पातं जितकं धारदार, तितकी चीर सरळ आणि स्वच्छ, आणि पहिल्या क्षणाला दुखणं कमी. मूल पडलं की आवाज येतो, रडणं येतं, आपण धावतो. ब्लेडने कापलं की कधीकधी काहीच ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीतून कान देऊन भागेल असं मी धरून चाललो होतो. ते चुकीचं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागली. तिचा हात चुकून लागला नव्हता. पात्यात अडकलेले केस काढायला मी नळाखाली रेझर धरून त्यावरून अंगठा फिरवायचो. वर्षानुवर्षांची सवय, हाताला दिशा माहीत, त्यामुळे कधी कापलं नाही. तिने हुबेहूब तेच केलं, फक्त अंगठा आडवा, पात्याच्या लांबीने ओढला. आडवा ओढला की पातं कापतंच. म्हणजे ते तिने माझ्याकडूनच शिकलं होतं. आता मी रेझर मगमधल्या पाण्यात खळबळून धुतो, अंगठा लावतच नाही.

रक्त थांबवतानाही चुकलो. दर अर्ध्या मिनिटाला रुमाल उचलून "थांबलं का" बघत होतो, आणि दर वेळी ते पुन्हा सुरू होत होतं. बोटांच्या टोकांना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे जखमेच्या मानाने रक्त खूप दिसतं आणि आपण घाबरतो. डॉक्टरांनी नंतर नीट सांगितलं: स्वच्छ कापडाने घट्ट दाबायचं, हात छातीपेक्षा वर धरायचा, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं अजिबात उघडून बघायचं नाही. तरीही थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या दिसत असतील, बोट वाकवता येत नसेल किंवा स्पर्श कळत नसेल, तर तडक दवाखाना. त्यांनी तिला अंगठा वाकवून दाखवायला लावला, धनुर्वाताच्या लशीची तारीख विचारली. टाके पडले नाहीत. आज तिथे एक पांढरी रेघ आहे.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी बाथरूम रिकामं केलं आणि धारेचं जे जे निघालं ते जमिनीवर मांडलं. माझे रेझर, ब्लेडची पाकिटं, बायकोचा भुवयांचा रेझर, टोकदार चिमटा, बारीक कात्री, तीन नेलकटर, ट्रिमर. एवढं सामान आहे याची आम्हाला कल्पनाच नव्हती. ते सगळं आता एका झाकणाच्या डब्यात, कडी असलेल्या कपाटात, माझ्या डोक्याच्याही वर. नुसतं "उंचावर" पुरत नाही, कारण चढायला पालथी बादलीही चालते. ट्रिमर बोथट वाटतो म्हणून लोक चार्जिंगला लावून खाली सोडतात. त्याच्या दातांत कानाची पाळी सापडली तर चिमटा बसतो आणि कातडी सोलते, हे लक्षात ठेवावं.

पण कपाट हा सोपा भाग. आमच्या घरात कापलं ते वस्तू ठेवणीत असताना नाही, वापरात असताना. म्हणून माझा नियम एकच: धारेची वस्तू हातात असेल किंवा डब्यात. तिसरी जागा नाही. फोन वाजो, दार वाजो, फेस तोंडावर तसाच राहू दे, आधी रेझरला टोपी, मग डबा, मग कडी.

जुन्या पात्यांचंही तेच. दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं, कागदात गुंडाळून टाकलं तर कागद ओला होताच बाहेर येतं. मुलं कचऱ्याच्या डब्यात हात घालतात, आणि पुढे तो डबा कुणीतरी हातानेच उपसतं. अमेरिकेतल्या जुन्या घरांत बाथरूमच्या कपाटाला मागे एक बारीक फट असायची, वापरलेली ब्लेडं त्यातून थेट भिंतीच्या पोकळीत पडायची. मी पत्र्याच्या डब्याचं झाकण चिकटपट्टीने पक्कं केलंय आणि वर ब्लेड जाईल एवढीच चीर पाडलीय. भरला की चीरही बंद करून, वर मोठ्या अक्षरात "ब्लेड" लिहून द्यायचा.

तान्ह्या बाळांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आमच्याकडून तेही झालं होतं. नखं कापताना बोटाचं मांस खाली दाबून नखापासून वेगळं करा, बाळ झोपेत असताना कापा. कातडी निघालीच तर दाबून धरा, पण बोटाला चिकटपट्टी लावू नका. बाळ बोट तोंडात घालतं, पट्टी सुटते आणि घशात अडकू शकते.

खेळण्यातला रेझर आणावा असं काहींनी सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. खरा कुठला आणि खोटा कुठला हे अडीच वर्षांच्या मुलाने ओळखावं, ही अपेक्षाच चूक आहे. आम्ही तिला ब्रश दिला. माझ्या गालाला फेस ती लावते, मग ब्रश धुऊन बाहेर जाते आणि दार लागतं. तिला माझ्यासोबत असायचं होतं, रेझर हवा होता असं नव्हे.

परवा नातेवाइकांकडे राहायला गेलो. बेसिनवरच्या पेल्यात टूथब्रश आणि त्यांच्या मधोमध, पातं वर करून, रेझर. मूल ज्या पेल्यात रोज हात घालतं त्याच पेल्यात. मी काकूंना सांगून तो काढला आणि कपाटावर ठेवला. काकू क्षणभर बघत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी आणखी दोन आणून दिले.