चार अंशांची पाचर

मिनी-प्रोजेक्टच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक दुपारी दोनला येणार होते आणि सकाळी साडेदहाला मी एका विद्यार्थ्याच्या विमानाचे पंख उपटायला लावले.

विमान म्हणजे मॉडेल. तिसऱ्या वर्षाच्या या मुलाने व्हल्टी व्हेंजन्स १:७२ प्रमाणात थ्रीडी प्रिंट करून आणलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हे अमेरिकी डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. खऱ्याचा पंखविस्तार ४८ फूट, मॉडेलचा जेमतेम २० सेंटिमीटर. आमच्या विंड टनेलच्या, म्हणजे पंख्याने वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्याच्या, ३० सेंटिमीटरच्या चौकोनात ते ऐसपैस मावत होतं. मी बाजूने पाहिलं आणि म्हटलं, "अरे, पंख सपाट चिकटवलेस. इन्सिडन्स कुठाय?"

सर्वसाधारण विमानाचा पंख धडाला समांतर नसतो. त्याची पुढची कड दोन-चार अंश वर उचललेली असते, म्हणून आडवं उडताना धड सरळ राहतं आणि पंखाला वाऱ्याशी हवा तो कोन मिळतो. त्याच कोनाला इन्सिडन्स म्हणतात. हे दरवर्षी मीच शिकवते.

"मॅडम, ते तसंच आहे," तो म्हणाला. पुढेही काहीतरी सांगत होता, पण माझ्यासमोर अजून सहा गट ताटकळत होते. मी ऐकून घेतलं नाही. लॅबच्या मामांनी कटरने सांधा सोडवला. पाचरीला दुसरं काही सापडेना, तेव्हा माझ्याच व्हिजिटिंग कार्डाच्या पट्ट्या कापून सात पदर लावले, कोनमापकाने चार अंश बघितले आणि फेव्हिक्विकने पंख पुन्हा बसवले.

गोंद पक्का होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून मी त्याला विचारलं, वरून बघताना याचे पंख असे वेडेवाकडे का दिसतात? मधला भाग मागे वळलेला, बाहेरचे भाग वेगळेच. तो खुलला. "ती कारखान्याची चूक आहे, मॅडम. गुरुत्वमध्याचा हिशेब चुकला. पंखाचा पाया नव्याने काढण्यापेक्षा मधला भागच मागे वळवून टाकला."

मला हसू आलं. अशी दुरुस्ती आमच्याकडे दर सत्राला होते.

मग तो थांबेचना. जर्मनांच्या स्टुका या सूर मारणाऱ्या विमानांनी युरोपात दाणादाण उडवली, आणि १९४० साली फ्रान्सने या विमानाची मागणी नोंदवली. माल हातात पडण्याआधी फ्रान्सच पडला, आणि ब्रिटिशांनी मोठी ऑर्डर दिली. ती तयार होऊन येईपर्यंत लढाऊ विमानांपुढे सूर मारणाऱ्या विमानांची काय गत होते ते ब्रिटिशांनी आपल्याच आकाशात पाहिलं होतं. म्हणून व्हेंजन्सना युरोपऐवजी इकडे धाडलं. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या दोन्ही स्क्वाड्रन डिसेंबर १९४२ मध्ये याच विमानासाठी उभ्या राहिल्या. स्क्वाड्रन लीडर निरंजन प्रसाद यांची ८ क्रमांकाची वर्षभराने चितगावकडून ब्रह्मदेशातल्या आराकानच्या मोहिमेत उतरली. हेम चौधरींची ७ क्रमांकाची मार्च १९४४ मध्ये सिल्चरजवळ उदरबंदला आली, इंफाळ-कोहिमाच्या ऐन धुमश्चक्रीत. जंगलाच्या दाट छताखाली जपान्यांचे खंदक, तिकडे जपानी लढाऊ विमानांचा त्रास त्या मानाने कमी, आणि बॉम्ब टाकायची जागा आपल्याच सैनिकांपासून हाकेच्या अंतरावर. असं काम आडवं उडत जाऊन जमत नाही, सरळ वरूनच उतरावं लागतं. खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. मी बारा वर्षं एरोडायनॅमिक्स शिकवते आणि या विमानाचं नाव पहिल्यांदा त्याच्या प्रस्तावात वाचलं होतं.

पंखा सुरू केला. वाऱ्याचा वेग सेकंदाला २५ मीटर, धड वाऱ्याला अगदी समांतर. काट्यावर ९२ ग्रॅम लिफ्ट, म्हणजे पंखाला उचलणारा जोर. "बघ," मी म्हटलं, "आता कसं विमानासारखं वागतंय."

तो काचेला नाक लावून उभा होता. "मॅडम, आता हे नाक खाली करून उभं पडतंय असं धरा. वारा अजूनही धडाला समांतरच. मग हे ९२ ग्रॅम कुठल्या दिशेला?"

मी हात आडवा धरला, मग बोटं जमिनीकडे वळवली. लिफ्ट तळहाताच्या पाठीकडून बाहेर, म्हणजे आडवी. विमान नेम सोडून बाजूला सरकत जाणार. पायलटला नाक उभ्या रेषेच्याही पलीकडे ढकलावं लागेल आणि नेम अंदाजाने धरावा लागेल. पंख सपाट असेल तर जिकडे नाक, तिकडेच विमान. त्यात पंखाच्या वर-खाली जाळीचे ब्रेक, म्हणजे उभ्या सुरातही वेग हाताबाहेर जात नाही. सपाट पंखाची किंमत बाकी सगळीकडे मोजायची: आडवं उडताना शेपूट खाली, नाक वर, आणि उतरताना पायलटला समोर १४ सिलिंडरच्या भल्यामोठ्या इंजिनाशिवाय फारसं काही दिसत नाही.

"मग मघाशी बोलला का नाहीस?" मी विचारलं. विचारता विचारताच उत्तर आठवलं, म्हणून पुढे काही बोलले नाही.

त्यानेच सांभाळून घेतलं. म्हणाला, "तुमचं पण चूक नाही. याच विमानाच्या नंतरच्या आवृत्तीत, मार्क ४ मध्ये, त्यांनी चार अंशच दिले. पायलटला समोरचं दिसायला लागलं, सूर मात्र बिघडला." ब्रह्मदेशातलं या विमानांचं बॉम्बफेकीचं काम १९४४ च्या पावसाळ्यातच संपलं. त्यांच्या जागी ७ क्रमांकाला हरिकेन ही लढाऊ विमानं मिळाली, ८ क्रमांकाला स्पिटफायर. मार्क ४ आलं ते बहुतेक तोफखान्याच्या सरावासाठी मागे कापडी लक्ष्य ओढत फिरायला. म्हणजे मी सकाळी अर्ध्या तासात पोराच्या मार्क १ चं मार्क ४ करून टाकलं होतं.

परीक्षकांनी पंखाखालचा गोंदाचा ओघळ बघून विचारलंच, "हे काय?" मी सांगितलं, मी लावायला सांगितलं, आणि का ते तो सांगेल. दहा मिनिटांच्या जागी त्याने पंचवीस घेतली.

साडेपाचला पुन्हा कटर, पुन्हा फेव्हिक्विक, आणि पाचर काढून पंखा सुरू. तोच वेग, धड तसंच समांतर. काटा २८ ग्रॅमवर थांबला.

"शून्य का नाही येत?" तो म्हणाला.

"पंखाला वरून फुगवटा आहे ना. सपाट बसवला तरी थोडी लिफ्ट राहणारच."

"मग अर्धा अंश खाली करून बघू?"

मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यांची बस सहा दहाची होती.