सहा मिनिटांचं गणित

हार्टफर्डमध्ये येऊन मला तीन वर्षं झाली. कनेक्टिकटच्या या राजधानीला विम्याची राजधानीही म्हणतात. नवऱ्याची नोकरी इथे, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि मला काम करायची परवानगी नाही. सांगलीला ज्युनिअर कॉलेजात सहा वर्षं गणित शिकवलेल्या बाईला दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसणं फार जड जातं. तेव्हा कळलं की सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजच्या, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणाऱ्यांच्या संस्थेच्या, सुरुवातीच्या परीक्षांना ना ठरावीक पदवी लागते, ना कुठे प्रवेश. फी भरायची, नाव नोंदवायचं आणि संगणकावर पेपर द्यायचा. त्याच आठवड्यात मी नाव नोंदवलं.

पहिली परीक्षा 'पी', म्हणजे प्रोबॅबिलिटी. तीन तास, ३० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. अभ्यासक्रम वाचला आणि हायसं वाटलं. संभाव्यता, इंटिग्रेशन, वितरणं सगळं ओळखीचं होतं. गुण ० ते १०, पास व्हायला ६ लागतात. नोव्हेंबरमध्ये मला ५ मिळाले.

त्या रात्री मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी वही उघडली आणि चूक समोर दिसली. मी प्रत्येक प्रश्न बोर्डाच्या पेपरसारखा सोडवत होते. 'समजा', 'म्हणून', 'दिलेले आहे की', सगळं टापटीप. मी मुलांना हेच तर शिकवलं होतं : उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क मिळतात. इथे स्टेप कुणी बघतच नाही. एका प्रश्नाला सहा मिनिटं, आणि मी काही प्रश्नांवर पंधरा-पंधरा मिनिटं घालवली होती. शेवटच्या सात प्रश्नांपर्यंत पोचलेच नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे माहीत असूनही अंदाजाने खूण करायला हात धजला नाही.

उदाहरण देते. समजा नुकसान ० ते १००० डॉलरमध्ये कितीही होऊ शकतं, सगळ्या रकमांची शक्यता सारखी. डिडक्टिबल ५०० डॉलर, म्हणजे पहिले ५०० ग्राहकाने स्वतः सोसायचे आणि कंपनीने फक्त वरचे द्यायचे. कंपनीला सरासरी किती द्यावे लागतील? मी लगेच इंटिग्रल मांडायला घेतलं असतं. पण नुसता विचार करा : निम्म्या वेळा कंपनी काहीच देत नाही, उरलेल्या निम्म्या वेळा ० ते ५००, म्हणजे सरासरी २५०. त्याचं निम्मं १२५. वीस सेकंदांत उत्तर. विशेष म्हणजे डिडक्टिबल नसतं तर सरासरी ५०० आली असती. कंपनीचा खर्च निम्मा नाही, चौथाई झाला. विमा कंपन्या डिडक्टिबलवर एवढा भर का देतात, ते मला या एका गणिताने कळलं.

मग सोसायटीच्या साइटवरचे मोफत नमुना प्रश्न घेतले आणि घड्याळ लावून रोज दहा. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचं. प्रश्न अर्धा सोडून पुढे जायला शिकणं हे मला सगळ्या अभ्यासक्रमापेक्षा अवघड गेलं. मार्चमध्ये पुन्हा बसले. केंद्रावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवतात, खिसे उलटे करून दाखवायला लावतात, चष्मासुद्धा निरखतात. शेवटचं बटण दाबलं की प्राथमिक निकाल तिथेच पडद्यावर येतो. पास.

दुसरी परीक्षा 'एफएम', वित्तीय गणित. अडीच तास, पुन्हा ३० प्रश्न. इथे बीए टू प्लस हा वित्तीय गणिताचा कॅल्क्युलेटर जवळपास हवाच. त्यात हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की अखेरीला, याची एक सेटिंग असते. सरावात ती चुकून सुरुवातीवर राहिली आणि अख्ख्या संध्याकाळची उत्तरं चुकली. तेव्हापासून प्रत्येक गणिताआधी पडद्याच्या कोपऱ्यात 'बीजीएन' दिसतंय का, ते बघते.

कर्जफेडीचं प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तकातले आकडे बाजूला ठेवून बाबांच्या घरकर्जाचे घातले. १० लाख, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता ८,९९७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० नुसतं व्याज, मुद्दल फिटलं फक्त १,४९७. दहा वर्षं नेमाने भरल्यावरही ७ लाख १० हजार बाकी. लहानपणी दर महिन्याच्या सुरुवातीला घरात जी शांतता पसरायची, ती मला त्या तक्त्यात दिसली. ते प्रकरण मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

जूनमध्ये एफएमही पास झाले. केंद्राच्या बाहेर येऊन लगेच बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी ते जागे होते. मी उत्साहात सांगत सुटले, "बाबा, तुम्ही दरमहा फक्त हजार रुपये जास्त भरले असते ना, तर कर्ज साडेचार वर्षं आधी फिटलं असतं!"

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

"तेव्हा तुझ्या क्लासची फी होती गं," ते म्हणाले. "हजारच होती."