जॉली बॉयला जाताना: पुण्याहून निघालेल्या चौघांचा एक दिवस

अंदमानातल्या वंडूरच्या जेटीवर प्लास्टिकची तपासणी सुरू झाली आणि आईच्या पिशवीतून एकामागून एक प्लास्टिक निघत गेलं. गोळ्यांची झिपची पिशवी, बाकरवडीचं पाकीट, ओले कपडे ठेवायला आणलेली दुधाची धुतलेली पिशवी. बाकरवडी स्टीलच्या डब्यात ओतली, गोळ्या रुमालात बांधल्या, बाकीचं तिथेच ठेवलं. मागे रांग खोळंबली होती. हे सगळं आदल्या रात्री हॉटेलवर करून ठेवा. पाण्यासाठी माणशी एक मोठी स्टीलची बाटली पुण्याहूनच घ्या. बेटावर टपरी नाही, नळ नाही, शहाळंवालाही नाही. न्याल तेच खायचं-प्यायचं, आणि कचरा परत आणायचा.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं छोटंसं बेट. उद्यान 1983 साली झालं, त्यात 15 बेटं आहेत. पर्यटकांना आलटून पालटून दोनच बेटांवर नेतात, म्हणजे प्रवाळाला उसंत मिळते. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. सोमवारी उद्यान बंद असतं. आमचा पहिला बेत नेमका सोमवारचा होता, तो ऐन वेळी बदलावा लागला.

पुण्याहून आम्ही चेन्नईमार्गे गेलो. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. तिथून वंडूर सुमारे 30 किलोमीटर. वनखात्याचा परवाना आणि बोटीचं तिकीट वेगवेगळं असतं, आधारच्या झेरॉक्स जवळ ठेवा. एका एजंटाने आम्हाला ‘सगळं त्यात आलं’ म्हणून सांगितलं होतं, पण बेटावर स्नॉर्केलिंगचे (तोंडात नळी धरून श्वास घेत पाण्याखालचं पाहण्याचे) पैसे वेगळे द्यावे लागले. पैसे देण्याआधी एकेक गोष्ट विचारून लिहून घ्या. सुटे पैसे बरोबर हवेतच, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

बोट तासाभरात पोचते, पण बेटाला धक्का नाही. मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरायचं आणि तिने किनाऱ्याला लागायचं. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी. तिला हीच चढउतार जड गेली. बोटीवरच्या मुलाने ‘माँजी, हाथ दीजिए’ म्हणत नीट उतरवून घेतलं. घरातलं कुणी वयस्क असेल तर घाई करू नका, शेवटी उतरा.

वाळू पांढरीशुभ्र, पण गुहागरच्या वाळूसारखी मऊ नाही. मूठभर घेऊन पाहिली तर प्रवाळाचे बारीक तुकडे आणि शिंपल्यांचा चुरा. अनवाणी चालाल तर टोचेल, रबरी बूट न्या. किनारा इतका लहान की एका टोकाकडून दुसरीकडे पाहताना मान फारशी वळवावी लागत नाही. त्यामुळे फक्त वाळूत बसायला एवढ्या लांब येऊ नका. इथलं खरं धन पाण्याखाली आहे, आणि तेही किनाऱ्यापासून चार हातांवर.

मी आणि माझा लेक पाण्यात उतरलो. निघण्याआधी महिनाभर दर रविवारी टँकवर स्नॉर्केल लावून नुसतं तरंगायचा सराव केला होता. तो इथे कामी आला. तोंडाने श्वास घ्यायची सवय नसेल तर माणूस घाबरतो, आणि घाबरला की पाय खाली टेकवतो. पाय टेकतो तो प्रवाळावर. आमच्यासमोर एक गृहस्थ फोटोसाठी प्रवाळाच्या गोल डोक्यावर उभे राहिले. माझ्या नवऱ्याने काठावरून ओरडून त्यांना उतरायला लावलं. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. असलं गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. पोहता येत नसेल तर गाइडची ट्यूब धरा, पण पाय वरच ठेवा.

लेकाने बोट दाखवलं तिकडे कंपासपेटीएवढा एक शिंपला उघडा होता, निळ्याजांभळ्या ओठांचा. आमची सावली वरून सरकली आणि तो हळूच मिटला. आम्ही तिथेच तरंगत थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा उघडला.

सगळं असं रंगीत मात्र नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न देतं आणि रंगही. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2010 साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. आम्हालाही करड्या, मोडक्या फांद्यांचे पट्टे दिसले. सनस्क्रीनही प्रवाळाला बाधू शकतं, म्हणून सांगते, ते फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला. किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. मेलेलं असलं तरी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आईने बोटीच्या तळाच्या काचेतून पाहिलं. पोपटमासे प्रवाळ खरवडताना तिला दिसले. नारळ खवताना होते तशीच हालचाल, असं ती म्हणाली.

दुपारी परत फिरावं लागतं. वंडूरच्या किनाऱ्यावर मगरींच्या इशाऱ्याचा फलक आहे, तिथे पाण्यात उतरू नका. आणि घड्याळाचा हिशेब बदला: इथे सूर्य पुण्यापेक्षा तास-सव्वा तास आधी मावळतो. जानेवारीत आम्ही साडेपाचला शहरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. सेल्युलर जेल त्याच संध्याकाळी उरकायचा विचार होता, तो सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत गेलो. तुम्हीही तो वेगळ्याच दिवशी ठेवा.